सूत्रात आकडे घातले तरी वर्गसमीकरण चुकतंय

सुईदोरा:
नमस्कार. सतरा नंबरचा फॉर्म भरून यंदा दहावीला बसतेय. वय ३६, ब्लाउज शिवते, शाळा नववीत सुटली होती. बीजगणित रात्री दहानंतर, मशीन बंद केल्यावर.
अवयव पडतात तिथे अडचण नाही. क्ष² + ६क्ष − १६ = ० मध्ये ८ आणि −२ लगेच दिसले, उत्तरं २ आणि −८. पुढचं होतं क्ष² + ६क्ष − १० = ०. दहाचे १ नि १०, २ नि ५, कसेही फिरवले तरी ६ काही होईना. मग सूत्र घेतलं (अ हा क्ष² चा सहगुणक, ब हा क्ष चा, क ही शेवटची संख्या). ब² − ४अक = ३६ − ४० = −४. ऋण आलं म्हणून 'मुळे वास्तव नाहीत' लिहिलं नि झोपले. सकाळी मागे उत्तर बघते तर −३ ± √१९! हे १९ आलं कुठून? लेकीला विचारावं तर ती सातवीत. नुसती हसते.

कोकणकडा:
ताई, क म्हणजे १० नाही, −१०. मग −४ × १ × (−१०) = +४०. बेरीज ७६, √७६ म्हणजे २√१९. मग (−६ ± २√१९) ला २ ने भागलं की −३ ± √१९. ऋण आकडा सूत्रात घालताना कंसात घाला.

सुईदोरा:
अरे देवा. एका कंसासाठी रात्र गेली.

फक्तसूत्र:
सूत्र पाठ करा, बाकी सगळं सोडून द्या. मी तसाच पास झालो.

निवृत्तमास्तर:
तसं नको. प्रश्नातच 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असं असतं, तिथे सूत्र वापरलं तर मार्क जातात.
ताई, तुम्हाला तर ही पद्धत हातातली आहे. क्ष बाजूचं चौकोनी कापड घ्या. ६क्ष म्हणजे ६ रुंद, क्ष लांब पट्टी. ती उभी मधोमध कापून ३-३ रुंदीच्या दोन करा. एक उजवीकडे जोडा, एक खाली. काय राहिलं?

सुईदोरा:
कोपरा. ३ बाय ३ चं ठिगळ लागेल.

निवृत्तमास्तर:
तेच ९. −१० उजवीकडे नेले की क्ष² + ६क्ष = १०, म्हणजे कापड नि पट्ट्या मिळून क्षेत्रफळ १०, ठिगळ धरून १९. आता बाजू क्ष + ३, म्हणून (क्ष + ३)² = १९.

सुईदोरा:
सर, 'सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा' हे वाक्य मी वीसदा तरी लिहून काढलं असेल. ते ठिगळ आहे हे कुणी बोललंच नाही. पण −३ − √१९ ही बाजू कशी? ऋण मापाचं कापड मी तरी पाहिलं नाही.

निवृत्तमास्तर:
खरंय, चित्रात ते मूळ दिसत नाही. नुसतं समीकरण असेल तर दोन्ही मुळे लिहायची, शाब्दिक उदाहरणात न शोभणारं टाकायचं. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात माकडांचं उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा केले, त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक झाडावर दिसलं. उत्तरं ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले की उणे दोन माकडं. म्हणून त्यांनी ५ सोडून दिलं.

सुईदोरा:
उणे दोन माकडं लेकीला सांगितली, आता ती मला सोडत नाही.
आणि −६क्ष असेल तर? पट्ट्या कापून काढायच्या ना? उजवीकडून ३, खालून ३. मग कोपरा दोनदा कापला जातो... म्हणून ९ परत मिळवायचे! क्ष² − ६क्ष + ४ = ० करून बघितलं. (क्ष − ३)² = ५, क्ष = ३ ± √५. बरोबर?

निवृत्तमास्तर:
बरोबर. आता २क्ष² ने सुरू होणारं घ्या. आधी सगळं २ ने भागा, नाहीतर ठिगळ बसणार नाही.

सुईदोरा:
उद्या रात्री. लग्नाचे चार ब्लाउज सकाळी द्यायचेत.