बटणं नाहीत म्हणून तो गेम नाही?

जागरण

काल पेन्सिलसेल यांनी लिहिलं की फोनवर जे खेळतात तो गेमच नव्हे, ती बोटांची खाज आहे. ज्याला खरंच खेळायचंय त्याने बटणं असलेलं यंत्र हातात घ्यावं, बाकीच्यांनी स्वतःला गेमर म्हणवून घेऊ नये. दुर्लक्ष करणार होते, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझी मुलगी सव्वा वर्षाची होईपर्यंत रात्री मांडीवरच झोपायची. खाली ठेवली की जागी. डाव्या कोपरात तिचं डोकं, त्या हाताला मुंग्या येऊन तो बधिर, आणि उजव्या हातात फोन. आवाज बंद, उजेड अगदी कमी. माझ्या मालकीचा तेव्हा एक अंगठा होता, बस. त्या अंगठ्यावर मी 'मॉन्युमेंट व्हॅली' पूर्ण केला. जिना फिरवायचा, आणि जिथे वाट असणं शक्यच नाही तिथे दोन कडा जुळून वाट तयार व्हायची. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी श्वास रोखला होता. पोरीने कूस बदलली की फोन उलटा ठेवायचा, तासाभराने उचलला की सगळं होतं तिथेच. तुमचं बटणांचं यंत्र माझ्याकडे दोन हात मागतं. ते मोकळे नव्हते.

आणि १९९७ मध्ये नोकिया ६११० वर सापाचा गेम आला, तो फोनच होता ना? आकड्यांची बटणं दाबून लोकांनी तो तासन्‌तास खेळला. तेव्हा कोणी खाज म्हणालं नाही.

फोनवर भिकार गेम ढिगाने आहेत, हे मला मान्य आहे. पण म्हणून सगळं फोनवरचं खेळणंच खोटं? हे मी ऐकून घेणार नाही.

पेन्सिलसेल

'खाज' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

'कँडी क्रश' घ्या. पाच लाइफ. संपल्या की एक परत यायला अर्धा तास. आता सांगा, खेळायला बसलेल्या माणसाला खेळू न देणं हा कुठल्या खेळाचा नियम आहे? वाट बघायला लावायची आणि ती वाट चुकवायचे पैसे मागायचे. दुकान आहे ते, खेळ दर्शनी भागात मांडलाय इतकंच. 'डंजन कीपर' फोनवर आणला तेव्हा एकेक दगड फोडायला तासन्‌तास लागायचे, नाहीतर पैसे भरा. २०१४ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने त्याची 'फुकट' म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. मूळ गेम मी कॉम्प्युटरवर खेळलोय, म्हणून ते बघून फार वाईट वाटलं.

याच्यासमोर निन्टेन्डोचा १९८९ चा गेमबॉय ठेवा, हातात धरून खेळायचं यंत्र. चार पेन्सिल सेल, हिरवट पडदा, चार छटा, मागे दिवासुद्धा नाही. मी तो बल्बखाली तिरपा धरून खेळायचो, मान आखडायची. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, उजेडाचा होता, पण सहा सेल घालून तीन ते पाच तासांत बसायचा. गेमबॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोई यांनी जुनं, स्वस्त, भरवशाचं तंत्र घेतलं आणि माणसाला खेळू दिलं. टेट्रिसने मला कधी 'उद्या परत या, बक्षीस देतो' म्हटलं नाही. हरलो तर माझ्या चुकीने हरलो.

तुमच्या पोरीबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एका 'मॉन्युमेंट व्हॅली'ने लाखो सापळे झाकले जात नाहीत.

जागरण

माझ्या पोरीबद्दल काही म्हणा असं मी सांगितलंच नव्हतं. दोन हात ज्यांना मोकळे नसतात त्यांनी खेळावं की नाही, हा प्रश्न होता. त्याला बगल देऊन तुम्ही मला गेमबॉयचा इतिहास सांगितलात. आणि 'एक' कुठून आणलात? 'स्टार्ड्यू व्हॅली' फोनवर आहे. एकदा पैसे द्या, पुढे पैही मागत नाही.

माजी_लेव्हलवाला

चार वर्षं मी हेच काम केलंय. कंपनीचं नाव घेणार नाही.

आमचा फरशा जुळवायचा गेम होता, मी लेव्हल बनवायचो. कुठल्या लेव्हलला किती जण हरले, किती सोडून गेले, किती जणांनी पैसे भरले, याचा तक्ता रोज सकाळी समोर यायचा. एक लेव्हल मी फार मन लावून केली होती. दोन चाली पुढचा विचार केला तरच सुटायची. तक्त्यात दिसलं की ती सुटल्यावर लोक समाधानाने फोन ठेवून देतात. मला सांगण्यात आलं, तीन चाली कमी कर. म्हणजे बहुतेकांची शेवटची एकच फरशी उरते, चाली संपतात, आणि नेमकं तिथे 'अजून पाच चाली घ्या' हे बटण वर येतं. मी कमी केल्या. त्याच आठवड्यात पैसे भरणारे वाढले आणि माझं कौतुक झालं.

जास्त पैसे भरणाऱ्यांना या धंद्यात 'व्हेल' म्हणतात. देवमासा. बैठकांमध्ये मीही तोच शब्द वापरत होतो.

त्यामुळे पेन्सिलसेल यांचा राग मला कळतो. पण एक त्यांनाच विचारतो. डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने 'सुपर मारिओ रन' फोनवर आणला. सुरुवातीच्या काही लेव्हल फुकट, मग एकदाच पैसे, पुढे काही नाही. लोकांनी किंमत बघून नाकं मुरडली आणि कमाई अपेक्षेइतकी झाली नाही, हे निन्टेन्डोनेच सांगितलं. आमच्या कंपनीत त्यानंतर 'एकदाच पैसे' हा शब्द कोणी काढला नाही. तुम्ही भरले होतेत का?

पेन्सिलसेल

नाही भरले. एक तर तो इंटरनेटशिवाय चालायचा नाही. दुसरं, मारिओ आपोआप पळतो आणि आपण फक्त उडी मारायची, याला मी मारिओ म्हणत नाही.

दोन_पोरांचा_बाप

तुम्ही सगळे गुळगुळीत काचेवर अंगठा की बटण यावर भांडताय. माझ्याकडे ऐका.

माझ्या थोरल्याने, वय अकरा, पैसे भरून चिठ्ठीसारखी पात्रं 'काढायच्या' एका गेममध्ये माझ्या कार्डावरून तीन महिन्यांत इतके पैसे घालवले की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. मी विचारलं, मिळालं का जे हवं होतं ते? म्हणाला, नाही बाबा, पण आता मिळणारच होतं. 'आता मिळणारच होतं.' हे वाक्य मी जुगाराच्या अड्ड्यावरून उठलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय, माझ्या काकांच्या. अकरा वर्षांच्या मुलाकडून ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला.

जागरण, तुमचे ते सुंदर जिने पोरांपर्यंत पोचतच नाहीत. पोचतं ते फुकटचं. 'चांगलेही गेम आहेत' हे म्हणणं तुमच्यासारख्यांना सोपं आहे.

जागरण

'तुमच्यासारख्यांना' म्हणजे कोणासारख्यांना? फोन मुलाच्या हातात, कार्ड त्याला जोडलेलं, आणि तीन महिने घरात कोणी हिशोब बघितला नाही, यात माझ्या जिन्यांचा काय दोष?

माजी_लेव्हलवाला

जागरण, हे बरोबर नाही. मोठ्यांनाही कळू नये अशीच रचना असते. आधी पैशांची नाणी, नाण्यांचे हिरे, हिऱ्यांची तिकिटं. तिसऱ्या बदलीनंतर आपण किती खर्च केला हे माणसाला चटकन सांगता येत नाही. ते मुद्दाम केलेलं असतं.

आणि शक्यतांचं बघा. 'गेनशिन इम्पॅक्ट'मध्ये पंचतारांकित पात्र निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे, नव्वदाव्या खेपेला खात्रीने एक मिळतं. ऐंशी खेपा झालेला मुलगा म्हणणारच, आता मिळणारच होतं. गणिताने तो खरं बोलतोय, तोच तर सापळा आहे. जपानने २०१२ मध्ये यातला 'पूर्ण संच जमवा' हा प्रकार बेकायदा ठरवला, बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या पेट्यांना, जुगार म्हटलं. मुलांनी न विचारता केलेल्या खरेदीपायी ॲपलला अमेरिकेत २०१४ मध्ये किमान ३.२५ कोटी डॉलर परत करायचं कबूल करावं लागलं. एकट्या बापाच्या निष्काळजीपणाने हे होत नाही.

जागरण

ठीक आहे. बाप, ते वाक्य मी लिहायला नको होतं. पण तो मुद्दा पैसे उकळण्याचा झाला, फोनचा नाही, हे मी अजूनही म्हणेन.

संधिवाताची_बोटं

बटणांच्या भक्तांसाठी. मला संधिवात आहे. हँडहेल्डच्या, म्हणजे हातात धरायच्या गेमयंत्राच्या, खांद्यावरची ती बारीक बटणं दाबून धरायची म्हणजे वीस मिनिटांत बोटांची गाठ होते. फोन टेबलावर सपाट ठेवून मी मधल्या बोटाने पत्त्यांचे, चालींचे गेम खेळते. माझं वय बासष्ट. मला गेमर म्हणा अथवा म्हणू नका, पण 'खऱ्या' खेळासाठी हात धडधाकट हवेत असा नियम कोणी केला?

पेन्सिलसेल

ताई, हा विचार मी केला नव्हता. तुमचं बरोबर आहे.

पण एक सांगतो, फोनवर एकदा पैसे देऊन घेतलेला चांगला गेमही तुमच्याकडे राहत नाही. 'इन्फिनिटी ब्लेड' २०१० चा, फोनवर काय होऊ शकतं हे दाखवणारा गेम. २०१८ मध्ये दुकानातून काढून टाकला. त्याच्या आदल्या वर्षी आयफोनची नवी प्रणाली आयओएस ११ आली आणि ३२ बिटचे, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेले, सगळे ॲप एका अपडेटमध्ये बंद पडले. लोकांनी विकत घेतलेले! माझी टेट्रिसची कॅसेट आजही घातली की सुरू होते. कोणाची परवानगी लागत नाही.

निळी_शाई

टेट्रिसच्या कॅसेटमध्ये सेव्ह, म्हणजे खेळ जिथे सोडला ते जपून ठेवायची सोय, नाहीच, म्हणून ती चालते. ज्या कॅसेटमध्ये सेव्ह आहे ती उघडून बघा. आत बटणासारखा चपटा सेल असतो, त्याच्या जिवावर तुमचा खेळ लक्षात राहतो. सेल गेला की सगळं गेलं. पंधरा-वीस वर्षं, फार तर त्याहून थोडं जास्त.

आणि हँडहेल्डवाले तरी कुठे धुतल्या तांदळाचे? निन्टेन्डोने त्यांच्या थ्रीडीएस हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलं, फक्त तिथेच मिळणारे गेम आता कायदेशीरपणे विकत घेता येत नाहीत. त्यांच्याच २०२५ च्या स्विच २ साठी कित्येक गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करायचा. कॅसेट हातात आहे म्हणून गेम आपला, हा जुन्या लोकांचा भ्रम आहे.

पेन्सिलसेल

सेलबद्दल मला शिकवू नका.

१९९९ चा 'पोकेमॉन गोल्ड'. त्यात खरी दिवस-रात्र होते, घड्याळ चोवीस तास चालू, म्हणून सेल लवकर झिजतो. ती कॅसेट माझ्या सख्ख्या ताईची. तिने पहिल्या प्राण्याला माझं घरातलं टोपणनाव दिलं होतं आणि शेवटपर्यंत तोच पुढे ठेवला. चार वर्षांपूर्वी कॅसेट लावली तर सेव्ह अजून उघडत होता. मी घाबरलो, म्हटलं मरायच्या आत सेल बदलू. कॅसेटचा स्क्रू साध्या पान्याने निघत नाही. पेनची प्लॅस्टिकची नळी तापवून स्क्रूवर दाबली, थंड होऊ दिली, तिचाच पाना केला. सोल्डरिंगची कांडी गरम केली. जुन्या सेलची एक पट्टी उचलली. दुसरी उचलली. नवा बसवला, टाके चकचकीत आले, मला अभिमान वाटला. चालू केलं तर पडद्यावर फक्त 'न्यू गेम'.

पट्ट्या उचलल्या त्या क्षणी वीज तुटली आणि सगळं पुसलं गेलं. सेलने नाही घालवलं, मी घालवलं. ताईला आठवतही नसेल. मला ते रोज आठवतं, तेव्हा भ्रम वगैरे शब्द जपून वापरा.

निळी_शाई

भ्रम हा शब्द मागे घेतो. किल्लीच्या कार्डांबद्दल लिहिलेलं तसंच ठेवतो.

दोन_पोरांचा_बाप

धाकटा सात वर्षांचा आहे. त्याला काय द्यायचं, हे मी विचारायला आलो होतो आणि तुम्ही सोल्डरिंगवर पोचलात. कोणीतरी सांगा.

जागरण

'मॉन्युमेंट व्हॅली' द्या. फोन विमान मोडवर टाकून, कार्ड काढून, आणि पहिले दोन जिने त्याच्या शेजारी बसून. मी माझ्या मुलीला तेच देणार आहे.

पेन्सिलसेल

जुना हँडहेल्ड आणि टेट्रिस. पण तुम्ही जागरण यांचं ऐकलंत तरी मी भांडणार नाही.

माजी_लेव्हलवाला

पेन्सिलसेल, अजून जुन्या कॅसेटी असतील तर एक करा. कॅसेट खोचून कॉम्प्युटरला जोडायची छोटी यंत्रं मिळतात. आधी त्यातून सेव्हची फाइल काढून घ्यायची, मग सेल बदलायचा, मग फाइल परत आत लिहायची. नंतरच्या काही कॅसेटींमध्ये, म्हणजे पोकेमॉनच्याच 'रुबी' आणि 'सफायर'मध्ये, सेव्ह विजेशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत आहे, सेल नुसत्या घड्याळासाठी. तिथे भीती नाही.

जागरण

खाज हा शब्द अजून तसाच उभा आहे, पेन्सिलसेल.

पेन्सिलसेल

अर्ध्या तासाच्या त्या घड्याळासाठी तो शब्द राहील. तुमच्या जिन्यांसाठी नाही, ताईंच्या पत्त्यांसाठीही नाही. गेमर म्हणवून घ्यायचं तर घ्या. काचेवर मारिओ खेळता येतो हे मात्र मला कोणी पटवू शकणार नाही.

माजी, 'गोल्ड'ची जोडीदार 'सिल्व्हर' आहे माझ्याकडे, स्वतःची, सेव्ह अजून उघडतो. त्या यंत्राने कॅसेटीला इजा होते का?

माजी_लेव्हलवाला

नाही. फक्त खोचायच्या आधी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. मोकळा कापूस वापरू नका, त्याचे धागे आत राहतात. आणि फाइल काढल्यावर ती दोनदा काढा, दोन्ही जुळतात का बघा. जुळल्याशिवाय कांडी गरम करू नका.