ग्राहकांनी स्वतः फळं तोडायची बाग: एकाच शेडमध्ये काय काय बसवावं?

गिरणारे_मळा:
नाशिकजवळच्या गिरणारे शिवारात साडेचार एकर आहे. २ एकर द्राक्ष, १ एकर पेरू, पाऊण एकर सीताफळ आणि वरच्या मुरमाड तुकड्यात काजूची ६० झाडं. लोकांनी यायचं, स्वतः तोडायचं, वजन करून पैसे द्यायचे, अशी पद्धत सुरू करायची आहे. रस्त्यालगत ६० बाय ४० फुटांचं पत्र्याचं शेड टाकायचा विचार आहे. त्यात वजनकाटा, बसायची जागा, क्रेट आणि प्रतवारी, छोटी शीतखोली, ट्रॅक्टर-ब्लोअर (फवारणी यंत्र), औषधांची खोली आणि एका कोपऱ्यात काजू भाजून-फोडून दाखवणं, एवढं बसवायचंय. रविवारी ८० ते १०० माणसं धरली आहेत. जमीन काळी, ५ फुटांवर मुरूम लागतो. विहीर शेडपासून ७० फुटांवर. आखणी कशी करावी आणि पाया किती घ्यावा?

पाया_ते_पत्रा:
सगळं एकाच छपराखाली हा हट्ट आधी सोडा, ताई. औषधं आणि काजू भाजणं बाहेर काढलंत की बाकीचं २४०० चौरस फुटांत आरामात बसतं.

खोल्या मोजण्याआधी कागदावर दोन रेघा ओढा. एक माणसांची: रस्ता, वाहनतळ, काउंटर, बाग, परत काउंटर. दुसरी ट्रॅक्टरची: मागचं फाटक, यंत्रांचा कप्पा, बाग. या दोन रेघा कुठेही एकमेकींना छेदता कामा नयेत. लहान मुलं पळत असतात आणि ब्लोअर मागे घेताना चालकाला काही दिसत नाही. माणसांचं येणं-जाणं एकाच काउंटरवरून ठेवा, म्हणजे वजन न करता माल बाहेर जात नाही. टोपल्या सगळ्या एकाच मापाच्या घ्या, काट्यावर टोपलीचं वजन एकदाच वजा करून ठेवता येतं. काट्याची वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी) खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. एक उतार दक्षिणेला येतो, सोलर पॅनल त्यावर चांगले बसतात. पावसाची झड नैऋत्य-पश्चिमेकडून येते आणि उन्हाळ्यात दुपारचं ऊनही तिकडूनच, म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करा आणि १५ फुटांचा यंत्रांचा कप्पा त्या टोकाला घ्या. शटर १२ बाय १२ फूट, मागच्या अंगाला. बसायची जागा पूर्वेला, तिथे उत्तरेची बाजू उघडी चालेल.

आता पाया. काळ्या मातीत ३ फुटांवर फुटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा रुंद तळ) टाकलं की उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते, दोन वर्षांत कॉलम हलतो आणि शटर अडकायला लागतं. मुरूम लागल्यावर त्यातही एक फूट खाली जा आणि फुटिंग तिथे बसवा. प्लिंथ बीमखाली (जोत्यावर कॉलम जोडणाऱ्या आडव्या तुळईखाली) ३-४ इंच पोकळी ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीमला वर ढकलते. फरशीखालची काळी माती किमान २ फूट उचलून मुरूम भरा, ६-६ इंचाचे थर, पाणी मारून रोलर. खणलेली काळी मातीच परत भरायची ठेकेदाराला फार घाई असते, भरावाच्या दिवशी तिथे उभे राहा. शेडभोवती ४ फूट फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला.

पत्र्याची खरी परीक्षा वळवाच्या वाऱ्यात होते. एकाच बाजूने उघडं शेड सगळ्यात वाईट: आत शिरलेला वारा खालून ढकलतो आणि वरून ओढ बसते. नाशिकसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद दिला आहे. ट्रसचा (छपराच्या लोखंडी सांगाड्याचा) हिशेब त्यावर केलाय का, हे लेखी घ्या. उजेडासाठीचे पारदर्शक पत्रे मोजकेच टाका, मार्च-एप्रिलच्या गारपिटीत आधी तेच फुटतात.

पन्हाळ सोडू नका. वर्षाचा पाऊस ७०० मिमी धरला तरी या छपरावरून सव्वा लाख लिटरच्या वर पाणी मिळतं.

थंडी_तंत्र:
शीतखोलीबद्दल स्पष्ट सांगतो, पहिल्या वर्षी बांधू नका. गिऱ्हाईक माल तोडून घरी नेणार, तुमच्याकडे उरणार किती? फक्त १० बाय १० फुटांची जागा, थ्री-फेज पॉइंट आणि पाण्याचा निचरा राखून ठेवा.

पुढे बांधलीत तरी सगळी फळं एकत्र ठेवता येणार नाहीत. द्राक्षाला ०-१ अंश आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता लागते, पेरूला ८-१० अंश. सीताफळ १५ च्या बरंच खाली नेलं तर साल काळी पडते. सीताफळ सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि द्राक्ष जानेवारीनंतर, म्हणून ती टक्कर होत नाही. जानेवारीत पेरू आणि द्राक्ष एकत्र आले की अडचण. शिवाय द्राक्षाच्या पेटीत बुरशी रोखायला ठेवतात त्या सल्फर पॅडच्या वायूने पेरूवर डाग येतात.

अर्धा टन द्राक्ष ३० वरून २ अंशांवर ६ तासांत आणायची तर नुसत्या फळातलीच अडीच किलोवॉट उष्णता काढावी लागते. भिंत, दार, पंखे धरून यंत्र सुमारे दीड टनाचं लागतं. हा ‘टन’ वजनाचा नव्हे, थंड करण्याच्या क्षमतेचा; तो कोणत्या तापमानाला मोजलाय ते विचारून घ्या, घरच्या एसीचा आकडा इथे लागू होत नाही. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर हे चालवू नका. ती वीज चक्राकार पद्धतीने येते, आणि पाहुण्यांच्या व्यवसायासाठी वापरणं नियमातही बसत नाही. वेगळं व्यावसायिक मीटर घ्या.

काजू_पेठ_पट्टा:
काजू फोडणं पाहुण्यांच्या हातात देऊ नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. भाजताना तेच तेल धुरात उडतं, डोळे आणि घसा धरतो. झाडाखालची बी वेचू द्या, बोंड खाऊ द्या, बास. भाजून दाखवायचंच असेल तर शेडपासून ५० फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला १० बाय १२ चा उघडा मांडव. काम करणाऱ्याच्या हाताला खोबरेल किंवा हातमोजे.

बी वाळवायला शेडच्या पूर्वेला २० बाय ३० फुटांचं सिमेंटचं खळं करा. २-३ दिवस कडक ऊन मिळालं की बी हलवल्यावर खुळखुळते. ओली बी पोत्यात भरली की बुरशी. काजूचा हंगाम मार्च ते मे, एरवी तेच खळं वाहनतळ म्हणून वापरता येतं.

गिरणारे_मळा:
औषधांची खोली मग कुठे? आणि फरशीला कोटा टाकू का? गवंडी तोच सुचवतोय. संडासाचंही सांगा.

पाया_ते_पत्रा:
कोटा नको. तो चुनखडीचाच दगड, द्राक्षाच्या आंबट रसाने त्याची चकाकी जाते, ओला झाला की घसरतो. प्रतवारी आणि हात धुण्याच्या जागेत खरखरीत व्हिट्रिफाइड टाइल, सांधे इपॉक्सीने भरून. बाकी ठिकाणी ट्रिमिक्स (जादा पाणी यंत्राने शोषून काढलेलं काँक्रीट), दर १०-१२ फुटांवर सांधा, उतार ८० ला १. सांडलेला रस रोज धुवा, नाहीतर गांधीलमाश्या जमतात.

संडास शेडच्या बाहेर वेगळे: बायकांसाठी ३, पुरुषांसाठी १ आणि ३ मुताऱ्या, त्यातला एक रुंद दाराचा, १२ ला १ उताराच्या रॅम्पसह. बस आली की सगळे एकदम उतरतात, म्हणून कमी करू नका. शोषखड्डा विहिरीपासून ६० फुटांच्या पलीकडे, आणि तुमची विहीर ७० वर आहे म्हणजे तो शेडच्या दुसऱ्या अंगालाच. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा मुरमापर्यंत न्या.

द्राक्ष_सल्ला:
औषधांची खोली मागच्या फाटकाजवळ स्वतंत्र, ६ बाय ८ फूट, कुलूपबंद, वर-खाली जाळीच्या झरोक्यांची, दाराला उंबरठा म्हणजे सांडलेलं बाहेर जात नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लागणारं विषारी हायड्रोजन सायनामाइड तिथेच. फवारणीचं पाणी मिसळायची जागाही तिकडेच, विहिरीपासून लांब.

तुमच्याकडे लोक वेलीवरचा घड तिथल्या तिथे तोंडात टाकणार, हे विसरू नका. म्हणून प्लॉटचे ४ भाग पाडा. ज्या भागातल्या प्रत्येक औषधाचा पीएचआय (फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस) संपलाय तोच उघडा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत औषधागणिक दिवस दिलेले असतात. काउंटरमागे ६ बाय ४ फुटांचा फळा लावा, त्यावर बागेचा नकाशा आणि आज कोणत्या ओळी उघड्या ते लिहा. त्या भिंतीला खिडकी काढू नका.

बांधायच्या आधी नगररचना कार्यालयात नकाशा दाखवा. शेतीच्या अवजारांचं शेड आणि पाहुण्यांसाठीची इमारत या परवानगीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणीही त्याच वेळी विचारून घ्या. रस, मनुका किंवा भाजलेले काजू विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागेल.