जांबोटी-कणकुंबी भागात दोन दिवस: धबधबा, वाट आणि तंबू

प्रश्न: सप्टेंबरअखेरीस बेळगावहून चौघे निघतोय. वज्रपोहा धबधबा बघायचा, एक रात्र तंबूत काढायची. परवानगी, जळवा, तंबूची जागा, कुणी नीट सांगेल काय?

जांबोटीकर: वज्रपोहा म्हादई नदीवर, जांबोटीहून गवाळीकडे जाऊन. पावसात वनखातं वाट बंद ठेवतं, म्हणून आधी खानापूरच्या वनकार्यालयात विचारा. इथल्या भीमगड अभयारण्यात (२०११ साली जाहीर) आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. गावातल्या मालकाला विचारून त्याच्या शेतात किंवा अंगणात ठोका, तेच बरं.

रानवाट: जळवांसाठी पँट मोज्यात खोचा, मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढू नका, जखम चिघळते. नखाने तोंडाकडची बाजू हळूच सरकवा. मग साबण-पाणी. रक्त बराच वेळ येत राहतं, घाबरायचं कारण नाही.

ताडपत्री: तंबू ओढ्यापासून लांब आणि उंचावर. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कणकुंबीकडे पाऊस कोसळला की ओढा फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहू लागला की लगेच वर सरका. खालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर आली तर पावसाचं पाणी तीच आत घेते, म्हणून चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडा. हे बहुतेक सगळे चुकतात.

रानवाट: आणि कड्याच्या शेवाळावर सेल्फी नको. बूट कितीही महाग असो, घसरतोच.