बैलझुंजीत मातादोरच्या शरीराला ताण नेमका कुठे पडतो?

ओंकार_मिरज: स्पेनमधल्या बैलझुंजीचा व्हिडिओ पाहिला. मातादोर, म्हणजे बैलाशी झुंजणारा, फारसा पळतच नाही, पळतो तो बैल. मग शरीराचा कस कुठे लागतो?

वैशाली_फिजिओ: ओंकार, न पळणं हेच तर अवघड! पाचशे किलोचं धूड मांडीला घासून जात असताना पाय रोवून उभं राहायचं, वळायचं ते कमरेतून, बाकी सगळं मनगटावर. मला हा प्रकार पटत नाही, बैलाचे हाल बघवत नाहीत. पण तू शरीराचं विचारलंस म्हणून लिहिते.

सुरुवातीचं मोठं गुलाबी कापड, कापोते, चार-पाच किलोंचं असतं. वारा सुटला तर ते उडू नये म्हणून भिजवतात, म्हणजे वजन आणखी वाढलं. नंतरच्या लाल कापडासोबत, म्हणजे मुलेतासोबत, पोलादी तलवार सतत धरली तर मनगट भरून येतं, म्हणून बरेच जण हलकी नकली तलवार वापरतात आणि खरी शेवटी मागून घेतात. ती खुपसताना उजवा हात शिंगांवरून न्यावा लागतो, तेव्हा अंग पूर्ण उघडं पडतं. सरावात बैल नसतोच बहुतेक वेळा. शिंगं लावलेली एकचाकी गाडी जोडीदार अंगावर ढकलत आणतो आणि हा तेच तेच वळण घटवत बसतो. एकाच बाजूला इतकं वळल्यावर कंबर बोलणारच.

डॉ_शल्य: जखमांबद्दल थोडं. शिंग आत असतानाच बैल मान झटकतो. त्यामुळे बाहेर भोक एकच दिसतं, आत फाटलेल्या वाटा दोन-तीन. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मांडीचा वरचा भाग, तिथे मोठी रक्तवाहिनी असते. मानोलेते (लिनारेस, 1947) आणि पाकिरी (पोझोब्लांको, 1984) या दोन्ही नावाजलेल्या मातादोरांना शिंग मांडीतच लागलं आणि दोघेही दगावले. पाकिरी तर कोर्दोबाला उपचारासाठी नेताना वाटेतच गेला. पूर्वी जखम चिघळूनही माणसं दगावत. पेनिसिलिनने ते चित्र बदललं, म्हणून माद्रिदच्या रिंगणाबाहेर पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगचा पुतळा आहे.

ओंकार_मिरज: बाप रे! आणि तो डोळ्यावर पट्टी बांधून रिंगणात उतरायचा, तो मातादोर?

वैशाली_फिजिओ: हुआन होसे पादिया. 2011 मध्ये सारागोसात शिंगाने डावा डोळा गेला, चेहऱ्याची ती बाजू लुळी पडली. जवळचं अंतर जोखायला दोन्ही डोळे लागतात, आणि शिंग तर हातभरावरच असतं. तरी पुढच्या मार्चमध्ये गडी पुन्हा रिंगणात! माझा पेशंट असता तर मी नसतं जाऊ दिलं.