डेटा सेंटरचे उत्सर्जन नेमके कोणत्या शहराचे?

खाडीकाठ : मुंबई महानगरपालिकेच्या मार्च २०२२ मधील हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ साली शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन होते आणि त्यातील ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा होता. हा हिशेब पालिकेच्या हद्दीपुरता आहे. मुंबईकरांचे ऑनलाइन व्यवहार आणि कार्यालयीन फायली सांभाळणारी अनेक डेटा सेंटर मात्र खाडीपलीकडे नवी मुंबईतील ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात असल्याने त्यांची वीज मुंबईच्या खात्यात येतच नाही. १०० मेगावॉटचा भार वर्षभर अखंड राहिला, तर ८७.६ कोटी युनिट वीज लागते. प्रतियुनिट साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर उत्सर्जन ६ लाख टनांवर जाते. डिजिटल व्यवहारांमुळे शहर स्वच्छ होत असल्याचा दावा करणाऱ्यांनी आधी खाडीपलीकडे पाहावे.

हिंजवडीकर : आकडेमोड मान्य, निष्कर्ष अमान्य. हीच कामे पूर्वी प्रत्येक कंपनीच्या स्वतंत्र सर्व्हर रूममध्ये चालत आणि तेथील वातानुकूलनावर कितीतरी वीज वाया जाई. शिवाय आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरांनी एकूण विजेपैकी जेमतेम दीड टक्का वीज वापरली. घरून काम केल्याने हिंजवडीच्या वाटेवरील वाकड पुलावरच्या कोंडीत जळणारे पेट्रोल वाचते, ते आपण हिशेबात धरलेले नाही.

खाडीकाठ : हिंजवडीपुरते ते खरे आहे. मुंबईत नोकरदारांचा मोठा वर्ग विजेवरच्या लोकलने जातो आणि काही प्रवासी घरी राहिले म्हणून लोकलच्या फेऱ्या कमी होत नाहीत. त्याच संस्थेच्या मते डेटा सेंटरांचा वीजवापर २०३० पर्यंत दुपटीहून अधिक होईल. म्हणजे कार्यक्षमतेतून जे वाचेल, ते वाढीतच खर्ची पडेल.

चंद्रपूरकर : आपण दोघेही हद्दींवरून वाद घालत आहात, पण कोळसा जळतो तो आमच्याकडे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे आणि त्याची राख ऐरोलीत पडत नाही. कंपन्या सौरऊर्जेचे करार दाखवतात. मात्र डेटा सेंटरचा भार रात्री फारसा उतरत नाही आणि त्या वेळी ग्रिडमध्ये, म्हणजे सामायिक वीजजाळ्यात, प्रामुख्याने कोळशाचीच वीज असते. वर्षाअखेरीस युनिटे जुळवून ‘हरित’ म्हणवून घेणे ही, स्पष्टच सांगायचे तर, कागदी सोय आहे.

हिंजवडीकर : रात्रीच्या विजेचा मुद्दा रास्त आहे, तथापि तो दोष ग्रिडचा आहे. त्याच विजेवर लोकल आणि ई-बस धावतात, म्हणून त्यांना कोणी प्रदूषणकारी ठरवत नाही. उपाय साठवणुकीचा आहे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून गरजेच्या वेळी त्यापासून वीज करणारा) राज्यात आहेच, तसे आणखी उभारावेत.

खाडीकाठ : लोकलला पर्याय मोटारीचा असतो, म्हणून ती स्वच्छ ठरते; डेटा सेंटरांतून येणाऱ्या चित्रफिती आपोआप सुरू होण्याला मात्र पर्याय त्या बंद ठेवण्याचा आहे. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरांना वीज शुल्कात सूट आहे. ती प्रत्येक तासाचा वीजस्रोत जाहीर करण्याच्या अटीवरच द्यावी आणि साठवणुकीच्या खर्चातील वाटाही त्यांच्याकडूनच घ्यावा.