मदत हवी आहे: कांचनजंगाचं छेद-मॉडेल आणि ट्रेसिंगचे थर

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या मुंबईतल्या कांचनजंगा (१९८३) इमारतीमागचा विचार उलगडणारं छोटं प्रदर्शन ऐन जुलैत आहे, हॉलला एसी नाही.

समुद्राचा वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. जुन्या बंगल्यांत ऊन-पाऊस अडवायला खोल्यांभोवती व्हरांडा असे. इथे ते काम कोपऱ्यातल्या दुमजली गच्च्या करतात. नुसत्या प्लॅनवरून हे कळत नाही, म्हणून १:५० चं छेद-मॉडेल (इमारत उभी कापून आतलं दाखवणारं) हवंच. ८४ मीटर उंची म्हणजे १६८ सेमी, २१ मीटरची बाजू म्हणजे ४२ सेमी.

स्लॅबला ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) धरलाय (प्रत्यक्षातले १५० मिमी). दमट हवेत तो वाकतो, आणि तेही खांब नसलेल्या कोपऱ्यात, म्हणजे लोक जिथे बघणार नेमकं तिथेच. फोमबोर्डचंही तेच. स्लॅब ॲक्रिलिकचे केले तर ॲक्रिलिक जोडायला वापरतात त्या क्लोरोफॉर्मने एमडीएफच्या भिंती चिकटत नाहीत. खाच करून बसवावं की बारीक स्क्रू? कोणी केलंय का?

दुसरं, स्केचेसच्या प्रती ट्रेसिंग पेपरवर काढून लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) एकावर एक ठेवायच्या आहेत. ट्रेसिंग ओल शोषून फुगतं, थरांत फट पडते आणि तळाची रेघ पुसट होते. म्हणून तीनच्या वर थर ठेवणार नाही. मॅट पॉलिस्टर फिल्म फुगणार नाही, पण तिच्यावर पेन्सिलीची रेघ हात लागून फिसकटते. वरून ॲक्रिलिकची शीट दाबली तर चालेल का? चकाकी येईल अशी शंका आहे. पुण्या-मुंबईत अशी फिल्म सुटी, मीटरवर कुठे मिळते?