स्लोव्हेनिया: बाल्कनचा कैवारी म्हणे!

हरकतदार
'स्लोव्हेनियाकडून शिका, स्वतः युरोपीय संघात गेला आणि आता शेजाऱ्यांसाठी झटतोय', हे इथलं कालचं कौतुक वाचून राहवलं नाही. अहो, कसला झटतोय? 2008 च्या डिसेंबरात क्रोएशियाची प्रवेशाची बोलणी यानेच अडवली. दोघांमधल्या पिरानच्या आखातातल्या हद्दीवरून! पुढच्या सप्टेंबरपर्यंत सोडली नाहीत. आता सर्बिया, बोस्निया, कोसोवो, अल्बानिया, मॉन्टेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया सगळ्यांचा पुळका आलाय, कारण त्यातल्या एकाशीही याची हद्द लागत नाही. भांडायला बांधच नाही, तिथे उदार व्हायला काय जातं?

पाणलोट
काय जातं? 2021 मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेचं फिरतं अध्यक्षपद याच्याकडे होतं तेव्हा स्लोव्हेनियातल्याच ब्रडोच्या परिषदेत विस्तारासाठी 2030 ची मुदत घाला म्हणून कोण मागे लागलं होतं? बड्यांनी धूप घातली नाही, तो भाग वेगळा. आणि जेमतेम 47 किलोमीटर किनाऱ्याच्या देशाकडे व्हेटोशिवाय होतं काय? तो सोडला, क्रोएशिया 1 जुलै 2013 ला आत शिरला, आणि हद्दीच्या वादावरचा 2017 चा लवादाचा निवाडा सरळ धुडकावला. म्हणजे अडवलं तेच बरोबर होतं.

हरकतदार
मधलं 2015 सोयीस्कर गाळलंत. लवादातला स्लोव्हेनियाने नेमलेला पंचच आपल्या सरकारच्या प्रतिनिधीशी फोनवर आतल्या गोष्टी बोलताना पकडला गेला. क्रोएशिया लवादातून उगाच नाही उठून गेला.

पाणलोट
त्याने राजीनामा दिला, नवी माणसं नेमली, काम पुरं झालं. एकाच्या लबाडीने अख्खं आखात क्रोएशियाचं होतं का?

अडकलेला_ठेवीदार
आखात ठेवा बाजूला, स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्यान्स्का बँकेचं बोला. युगोस्लाव्हिया फुटला आणि क्रोएशियातल्या झाग्रेब आणि बोस्नियातल्या साराजेव्होच्या शाखांतले लोकांचे परकीय चलनातले पैसे अडकले. 1994 मध्ये स्लोव्हेनियाने कायदा करून चांगली मालमत्ता नव्या बँकेत नेली, त्या लोकांची देणी जुन्या सांगाड्यात ठेवली. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क कोर्टाने 2014 मध्ये कान पिळला तेव्हा कुठे परतफेडीचा कायदा झाला. आमच्या सहकारी बँकेत वडिलांची सगळी पुंजी अडकली होती. 'विलीनीकरण होतंय' एवढंच ऐकत गेले बिचारे.

चहाटळ
पाच लाखांचा विमा असतो ना?

अडकलेला_ठेवीदार
2020 पासून. आधी एक लाख होता. आमचं त्याआधीचं. माहिती नसेल तर गप्प बसावं.

चहाटळ
जास्त व्याजासाठी सगळे पैसे एकाच बँकेत ठेवायला कोणी सांगितलं होतं?

अडकलेला_ठेवीदार
तालुक्याच्या गावात दुसरी होती कुठली? वर्षानुवर्षांची ओळख, मॅनेजर घरी चहाला यायचा. पुण्यात बसून शहाणपण शिकवू नका!

पाणलोट
बँकेसाठी वेगळा धागा काढा, हात जोडतो.

अडकलेला_ठेवीदार
का म्हणून? 2013 मध्ये क्रोएशियाच्या प्रवेशाला मंजुरी द्यायची वेळ आली तेव्हा तुमच्या लाडक्या देशाने याच बँकेचं प्रकरण पुढे केलं. मार्चमध्ये स्लोव्हेनियातल्या मोक्रित्सेला दोघांचा समझोता झाला, तेव्हा कुठे त्यांच्या संसदेने एप्रिलमध्ये मंजुरी दिली. ठेवीदारांचे पैसे द्यायचे नाहीत, वर त्यावरूनच अडवायचं!

पाणलोट
बरं बाबा, बँकेपुरते स्लोव्हेनियावाले चोर. झालं समाधान? पण हद्दीचा वाद लवादाकडे द्यायला 2010 च्या सार्वमतात त्यांच्या जनतेने होकार दिला होता, हे हरकतदारांनी विसरू नये.

हरकतदार
किती टक्क्यांनी? साडेएक्कावन्न. मतदानाला निम्मेही लोक आले नव्हते. आभारी आहे, माझंच म्हणणं मांडलंत.